जखमेतली एकजूट

पाण्याची टाकी कुणी धुवून घ्यायची, यावर पिंपळे गुरवच्या आमच्या इमारतीत चार बिऱ्हाडांचं आजवर एकमत झालेलं नाही. माझ्या नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्याखाली मात्र निरनिराळ्या जंतूंनी इतका गुण्यागोविंदाने संसार थाटला की बघत राहावं.

आमचे हे भोसरीच्या कारखान्यात लेथ मशिनवर. साखरेचा आजार जुना, आणि पथ्य फक्त माझ्या तोंडी. तळपायाला चटका बसला तरी कळत नसे, आणि त्याचाही ह्यांना अभिमान. एकदा लोखंडाच्या किसाचा तुकडा बुटात गेला. अख्खी शिफ्ट हे त्याच्यावर उभे. घरी मोजा काढला तेव्हा रक्त मला दिसलं.

"अहो, दवाखान्यात चला."

"काय व्हत न्हाई. हवा मारतो, सुकंल."

कारखान्यात कंप्रेसरचा पाइप असतो. मशिनवरचा कीस उडवायला तो दिलेला. पण आमची माणसं सुटताना त्यानेच कपडे झटकतात, केस झटकतात, आणि आमच्या ह्यांनी जखमही झटकली. रोज पट्टी सोडायची, हवा मारायची, पट्टी बांधायची. सोबतचे म्हणायचे, "राव, कोरडी पडली की!" वरून पडलीच होती. एवढे सगळे तज्ज्ञ भोसरीत असताना दवाखान्यात पैसे कशाला घालवायचे!

मग वास यायला लागला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी वरवरचा पू तपासायला पाठवला. एक जंतू सापडला, त्याच्या गोळ्या आल्या. वास कमी झाला आणि ह्यांनी विजयी मुद्रेने चहात साखर मागितली. पुढच्या आठवड्यात अंगठा काळा पडला आणि पाय घोट्यापर्यंत सुजला.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जखमेच्या तळाचं मांस काढून तपासलं. तिथे सगळं मंडळच बसलेलं. त्या समजावत होत्या आणि मी ऐकत होते. एक जंतू म्हणे चिकट थर करतो, त्याच्या आड बाकीचे लपतात आणि औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. दुसरा आसपासचा प्राणवायू संपवतो, म्हणून ज्यांना हवा सोसत नाही ते खाली मजेत वाढतात. एकाला मारलं तर उरलेले जागा वाटून घेतात. ना मीटिंग, ना भांडण!

"आणि ह्यांनी रोज हवा मारली ती?" मी विचारलं.

"वर सुकलं. पाइपातलं तेलपाणी आणि घाण आत गेली."

आमचे हे छताकडे बघत होते. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी डॉक्टरांना नीट प्रश्न विचारला.

"पाय ऱ्हाईल का?"

"अंगठा जाईल. पाय वाचवायचा प्रयत्न करू."

मला इतका राग आला होता की रडता येईना. बाहेर बाकड्यावर बसून मी त्या कंप्रेसरला, सोबतच्यांना, ह्यांना आणि त्या एकजुटीच्या जंतूंना मनसोक्त शिव्या घातल्या. मग रडले.

पाय राहिला. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. हे आता कारखान्यातच बसून मापं तपासायचं काम करतात, पण बूट घालूनच जावं लागतं. रोज सकाळी मी आधी त्या बुटात हात घालते आणि आतून चाचपून बघते. हे दारात उभे राहून हसतात. "तपासणी झाली का, साहेब?"

परवा बोटाला काहीतरी टोचलं. किसाचा बारीक तुकडा, शिवणीत अडकलेला. रक्त आलं. मी ओरडले, तसे हे घाबरून आत आले आणि माझा हात धरून विचारायला लागले, "दुखतंय का? लय दुखतंय का?"

"हो," मी म्हटलं. "खूप दुखतंय."

आणि खरं सांगते, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.