ॲन आर्बरला माझ्या पोर्तुगीजने काय केलं

निखिल कधीपासून बोलावत होता. गुडघे आणखी बिघडायच्या आत एकदा मुलाचं घर पाहून घेऊ, म्हणून ऑक्टोबरात मडगाव सोडलं. अमेरिकेत ॲन आर्बरला जाणार असाल तर हाच महिना निवडा. डेट्रॉइटच्या विमानतळावरून गाडीने पाऊण तास, आणि दोन्ही बाजूंना मेपलची झाडं लालभडक. युनिव्हर्सिटीच्या निळ्या बसला तिकीट नाही. मी सकाळभर खिडकीशी बसून गाव बघायचे. शनिवारच्या बाजारात गरम ॲपल सायडर मिळतं, ते चुकवू नका. हातमोजे तिथेच घ्या, आपले काही कामाचे नाहीत.

सून सायली तिथे लॉ करते. तिची वर्गमैत्रीण फिलोमेना पूर्व तिमोरची. देश नुकताच स्वतंत्र झालेला, आणि ही तिथली न्यायाधीश. इंडोनेशियाच्या आधी तिथे पोर्तुगालचं राज्य होतं, म्हणून कोर्टाची भाषा आता पोर्तुगीज. फिलोमेना शिकली इंडोनेशियन भाषेत. तेव्हा तिला आणि तिच्या सहकाऱ्यांना खुर्चीवरून उठवून प्रशिक्षणाला बसवलं, आणि खटले चालवायला पोर्तुगालहून न्यायाधीश आले. ती मधे वर्षभर इथे शिकायला आलेली.

मी पणजीच्या कॉन्व्हेंटात, पोर्तुगीज असताना शिकलेली. "आई, हिच्याशी जरा बोला ना," सायली म्हणाली. मग रोज दुपारी आम्ही दोघी भाजी चिरत पोर्तुगीज बोलू लागलो. किती वर्षांनी ती भाषा तोंडात आली. मला सिस्टर आठवायच्या, चॅपलमधला मेणाचा वास आठवायचा. फिलोमेना मला मावशी म्हणू लागली.

तिच्या देशात काम करून आलेले एक पोर्तुगीज न्यायाधीश युनिव्हर्सिटीत व्याख्यान द्यायला आले होते. कोणाला परत खुर्ची द्यायची, यात त्यांचा शब्द चाले. फिलोमेनाला मोकळेपणी बोलता यावं म्हणून सायलीने दोघांना रविवारी जेवायला बोलावलं. गृहस्थ अगदी सौम्य. सोलकढी पुन्हा मागून घेतली.

जेवताना त्यांनी फिलोमेनाला विचारलं, "आमच्या कोर्टात पोर्तुगीजमधून काय चाललंय ते तुमच्या लोकांना कळतं ना?"

ती भात कालवत राहिली. आमच्या कॉन्व्हेंटात पाहुण्यांचा प्रश्न अधांतरी राहू देत नसत. एक मुलगी अडली की शेजारचीने उत्तर द्यायचं. मी दिलं. कळतं, सगळं कळतं, भाषाच इतकी गोड आहे. मग सिस्टरांच्या गोष्टी निघाल्या. ते खूश झाले. म्हणजे दुभाष्यांची एवढी निकड नाही, असंही म्हणाले. पुढे ते माझ्याशीच बोलत राहिले, आणि मला ते फार आवडत होतं.

ते गेल्यावर फिलोमेना भांडी विसळत होती. शब्द अडला तर मला खुणवायचं की गं, मी हसत म्हटलं.

"शब्द अडला नव्हता, मावशी. खरं सांगू की खुर्ची मिळवू, ते ठरत नव्हतं. आमच्या गावचा एक जण त्यांच्यासमोर नुसती मान हलवत उभा होता. शिक्षा झाली, हे त्याला बाहेर आल्यावर कळलं."

"मग नंतर का नाही बोललीस?"

"तुम्ही कळतं म्हणालात. पाहुण्यांसमोर तुम्हाला खोटं पाडू?"

उरलेले दिवस मी बसमधून कुठे फिरले, ते नीटसं आठवत नाही.

घरी आल्यावर सायलीकडून पत्ता घेऊन त्या न्यायाधीशांना लिहिलं: मी त्या देशात कधी गेलेले नाही, तिथल्या लोकांचं मला काही ठाऊक नाही, माझं उत्तर धरू नका, फिलोमेनाला विचारा. शब्दकोश घेऊन बसले होते. फिलोमेना मायदेशी परतली, पण अजून प्रशिक्षणातच आहे. मला मात्र उत्तर आलं. माझं पोर्तुगीज किती शुद्ध आहे, याचं त्यांनी मनापासून कौतुक केलं होतं. दुभाष्यांबद्दल एक ओळही नव्हती.