डाव्या चाकावरचं कुंकू

बाळांनो, देवाच्या बाबतीत तुमची आजी पहिल्यापासून उंबऱ्यावरच उभी राहिलेली. शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, घरातले सणवार नेमाने केले, पण नवस कधी बोलले नाही. ‘हे दे, मग ते देईन’ असं देवाला म्हणणं मला कमीपणाचं वाटे. आजोबा गेल्यानंतर तर हात जोडतानाही शंका यायची, की पलीकडे ऐकणारं कुणी आहे का. गेल्या दसऱ्यानंतर जे घडलं ते घडलं तसं तुम्हाला लिहून ठेवते. अर्थ तुमचा तुम्ही लावा.

आजोबांची जुनी स्टेशन वॅगन तुम्ही लहानपणी पाहिली आहे. फौजेतून निवृत्त झाल्यावर एका साखर कारखान्याच्या आवारात धूळ खात पडलेली ती गाडी त्यांनी हौसेने आणली. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून ती उंच केली, मागची समोरासमोरची बाकं काढून एक सरळ सीट बसवली, आणि आपल्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, गुडघे दुखतात म्हणून दाराखाली एक जादा पायरी जोडली. अगदी शेवटी त्यांनी पुढच्या चाकांना नवे हब बसवले. चाकाच्या मधोमध असलेली ती गोल चकती. डांबरी रस्त्यावर ती मोकळी ठेवायची. चिखल किंवा चढ आला की खाली उतरून दोन्ही चाकांच्या चकत्या हाताने फिरवायच्या, म्हणजे चारही चाकं ओढू लागतात.

ते गेल्यावर गाडीची देखभाल मी माधवनगरच्या मिस्त्रींकडे सोपवली. वही घातली. तेल कधी बदललं, ब्रेक कधी तपासले, सगळं तारखेनिशी. पण मिस्त्रींना एक ताकीद होती: मोडेल ते दुरुस्त करा, बदलू काही नका. ते बिचारे दरवेळी विचारायचे, “बाई, स्टेअरिंग लय जड हाय, पॉवरचं बसवूया का? हब तरी उघडून साफ करतो की.” मी म्हणायचे, “साहेबांनी बसवलंय. हात लावू नका.” गाडी जशीच्या तशी ठेवणं हीच मला त्यांची आठवण राखणं वाटत होतं. खंडेनवमीला अवजारांबरोबर गाडीची पूजाही मी त्यांच्याच पद्धतीने करत आले. आमच्या बोळात गाडी उजवीकडून भिंतीला चिकटून उभी असते, त्यामुळे पूजा व्हायची ती डाव्या चाकाची. कुंकू पावसाने जाऊ नये म्हणून मी ते तेलात कालवून चकतीवर लावत असे, आणि गाडी धुताना तेवढी जागा सोडायला सांगत असे.

अक्का कडेगावला असतात. आजोबांच्या पहिल्या दुखण्यात डॉक्टरांनी आशा सोडली होती, तेव्हा त्यांनी पाटणच्या वरच्या डोंगरातल्या आपल्या कुलदेवीला नवस बोलला होता, ‘भाऊ उठून बसू दे, तुझी ओटी भरीन.’ आजोबा उठून बसले. ओटी मात्र राहिली. कधी ऊस तुटायला आलेला, कधी गुडघे, आणि मग ज्याच्यासाठी नवस, तोच राहिला नाही. गेल्या वर्षी अक्कांच्या मुलाने त्यांना कायमचं आपल्याकडे, दूर उत्तरेत न्यायचं ठरवलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांचा फोन आला.

“वयनी, परवाच्या गाडीनं मी चालले. परत काय माजं येणं हुत न्हाई. तेवडी ओटी ऱ्हायली बगा. त्या डोंगरावर दुसरी कुटली गाडी चढती?”

मी नाही म्हणू शकले नाही. मिस्त्री त्याच दिवशी स्वतः चालवायला तयार झाले. निघताना ते चकतीशी वाकले, “एकदा फिरवून बगतो.” मी म्हटलं, “परवाच पूजा झालीय. तिथे गेल्यावर फिरवा.”

कडेगावहून अक्कांना घेतलं, कराड करून पाटण गाठलं. पुढचा डांबरी रस्ता संपला आणि देवळाकडे जाणारी कच्ची चढण सुरू झाली. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला, तांबडा चिखल लोण्यासारखा. पहिल्याच वळणावर मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि गाडी हातभर मागे सरकली. मिस्त्रींनी मागे दगड लावला, उजव्या चाकाची चकती फिरवली. ती सहज फिरली. डावी हलेना. पक्कड लावली, ती घसरली. कुंकू, तेल आणि वर्षानुवर्षांची धूळ यांचा सिमेंटसारखा थर खाचेत बसला होता.

“एका बाजूचं लावून उपेग न्हाई, बाई. दोनी लागल्याशिवाय पुढची चाकं वडत न्हाईत,” मिस्त्री म्हणाले. मग जरा घुटमळून, “हातोडीनं मारून बगू? पर फुटली तर साहेबांची फुटली.”

देऊळ अजून मैलभर वर होतं. अक्कांना दहा पावलंही चढवणार नाहीत हे तिघांनाही दिसत होतं. त्या मागच्या सीटवर मांडीवर खणनारळाचं ताट धरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या वयनी. भावाच्या वस्तूला मारू नगा. हितनंच हात जोडते.” त्या शब्दांनी माझ्यात काहीतरी हललं. ज्या बाईने भावासाठी देवीला साकडं घातलं, तिची ओटी माझ्या एका चकतीपायी अर्ध्या वाटेवरून परत जाणार होती. आणि तो थर दुसऱ्या कुणी नाही, मीच चढवला होता, भक्ती म्हणून. मी डोळे मिटले. देवीला म्हटलं की नुसतंच मनाशी, ते आजही सांगता येत नाही: माझं काही राखायचं उरलं नाही. मग मिस्त्रींना सांगितलं, “मारा. फुटली तर फुटू दे.”

त्यांनी हातोडी उचलली, तोच वरच्या बांधावरून आवाज आला.

“आवं थांबा की! कशाला मारताय त्या चाकाला?”

काठी घेतलेली एक पन्नाशीची बाई चिखलातून अनवाणी उतरत होती. “माजी म्हस दिसली का कुटं?” तिने आधी विचारलं, मग चाकाशी वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. “अगं बया, चाकाची बी येवडी पूजा? ही तर शेंदराची खोळ झाली! माजं म्हायेर गुरवाचं. देवावर शेंदूर चढून चढून असाच दगड हुतो. आमी कोमट तेलानं मऊ करतो आन् काडतो. मारलं तर देव फुटंल न्हवं?”

“आता कोमट तेल कुटनं आणायचं, मावशी?” मिस्त्री म्हणाले.

अक्कांनी पिशवीतून देवीच्या दिव्यासाठी आणलेली तेलाची बाटली काढली. “हे घ्या. आईचंच हाय.” मिस्त्रींनी बॉनेट उघडून बाटली तापलेल्या इंजिनावर धरली. त्या बाईने अंबाड्यातला आकडा काढला, खाचेत तेल सोडलं, जरा थांबली, आणि कोरायला बसली. लाल ढलप्या चिखलात पडू लागल्या. “हं, आता फिरवा बगू.” मिस्त्रींनी पक्कड लावली. चकती कुरकुरली आणि खट्‌कन लागली.

मी काही बोलायच्या आत ती उठली, आकडा पदराला पुसून केसांत खोवला. ओटीतला एक नारळ अक्कांनी पुढे केला, तर म्हणाली, “तिला द्या. मला म्हस गावू दे म्हणून सांगा,” आणि रानात शिरली.

गाडी चारही चाकांनी, कुठेही न अडखळता वर चढली. देवळात अक्कांनी ओटी भरली. तेल संपलं होतं, पण समई आधीच कुणीतरी तेवती ठेवली होती. मला वाटलं होतं अक्का रडतील. त्या देवीकडे बघून घरच्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या, “उशीर झाला, रागावू नगंस. मी एक दिवस मागितला हुता, उटून बसू दे म्हणून. तू चार वर्सं दिलीस. लय केलंस, बाई.”

उतरताना खालच्या वाडीत ती बाई दारातच भेटली. तिला म्हशीचं विचारलं, तर कपाळावर हात मारून म्हणाली, “कुटली चुकती ती! गोट्याच्या मागं पेंड खात हुबी. मी उगाच डोंगर पालता घातला.” अक्का म्हणाल्या, “उगाच न्हाई.” मिस्त्री गाडी सुरू करता करता म्हणाले, “बाई, ह्या म्हशीचं नाव पण वहीत लिवा.” आम्ही सगळेच हसलो. तिची म्हैस त्या दुपारी तिथे का दिसली नाही आणि ती बाई नेमकी त्याच बांधावर का आली, याचा मी शोध घेतलेला नाही. मला हसताना जे मिळालं ते पुरेसं आहे.

अक्का दोन दिवसांनी गेल्या. मी मिस्त्रींना फोन करून सांगितलं, तुम्हाला योग्य वाटेल ते बदला. गाडी चालती राहू दे. आणि त्या संध्याकाळी देवापुढे बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी इतकी वर्षं ‘आजारानंतर ते फक्त चारच वर्षं राहिले’ असं सगळ्यांना सांगत आले. त्याच चार वर्षांत त्यांनी ही गाडी उभी केली, तुम्हा दोघांना मांडीवर घेतलं, माझ्या हातचा चहा रोज सकाळी फुंकून प्यायले. ती वर्षं कुणीतरी मागितलेली आणि कुणीतरी दिलेली होती. मी ती घेतली, आणि पोच द्यायची राहून गेली.

त्या संध्याकाळी मी देवीजवळ काही मागितलं नाही. नुसतं म्हटलं, चार वर्षं मिळाली.