पापण्या मिटल्या, तरी मी ऐकत होते

“माताजी, आपको करैत ने काटा है,” झाशीच्या हॉस्पिटलात माझी पापणी बोटाने वर करून डॉक्टर म्हणाले. करैत म्हणजे आपली मण्यार. माझा विश्वास बसेना. अंगावर कुठे सूज नव्हती, दाताची खूणही दिसत नव्हती.

आदल्या रात्री झाशीजवळ मऊरानीपूरला नणंदेकडे जमिनीवर गादी घालून निजले होते. सकाळी पोटात कळा येत होत्या, डोळे उघडेनात. बोलताना जीभ जड झाली, तसे हे मला गाडीत घालून निघाले. नणंद म्हणत होती, आधी झाडफूंकवाल्याला, म्हणजे मांत्रिकाला दाखवू. हे थांबले नाहीत, म्हणून आज मी आहे.

पापण्या अशा गळण्याला टोसिस म्हणतात. मण्यारीचं विष न्यूरोटॉक्सिक असतं, म्हणजे नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप ते अडवतं. आधी डोळे, मग घसा, शेवटी श्वासाचे स्नायू. अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचं औषध, सलाइनमधून सुरू झालं. तरी श्वास तोकडा पडत गेला आणि मला व्हेंटिलेटर लावला. आता माझा श्वास यंत्र घेत होतं.

मग शरीर पार थांबलं. बोटसुद्धा हलेना. ऐकू मात्र सगळं येत होतं.

“वहिनी गेली रे दादा,” नणंद रडत म्हणाली. मी आतल्या आत ओरडत होते.

डॉक्टरांनी तिला समजावलं, “गई नहीं हैं. ज़हर का असर धीरे-धीरे उतरेगा. सब सुन रही हैं, इनसे बात कीजिए.”

माझी मुलगी ऋचा इकडेच वाढली, ती हिंदीतच बोलते. मराठी समजते, पण बोलायला लाजते. ती कानाशी वाकली.

“आई, मी इथे आहे. तू डरू नको. तू ठीक होऊन जाशील.”

मग ती रोज येऊन बोलत बसायची. बाबांनी वरण करपवलं, शेजारच्या चाची विचारत होत्या, असलंच काहीबाही. मी तिच्या आवाजाची वाट बघत पडून राहायचे.

एके सकाळी पापणी जराशी उचलली. मग बोटं हलली. हळूहळू श्वास माझा मला घेता येऊ लागला.

तुमच्या माणसावर अशी वेळ आली, तर खूण शोधत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा. आणि तो निपचित पडला, तरी त्याच्याशी बोला.

व्हेंटिलेटरची घशातली नळी निघाली तेव्हा माझा घसा पार बसला होता. ऋचाने विचारलं, “आई, काय पाहिजे?”

“बोल,” मी म्हटलं. “अजून बोल.”