पडदे उतरवून शिवपुरीला

ग्वाल्हेरहून शिवपुरीला हल्ली तुम्ही दोन-अडीच तासांत पोचता आणि वर तोंड करून सांगता, वाटेत बघण्यासारखं काही नाही! अहो, काही नाही कसं? मी सात वर्षांची होते, दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती, संस्थान अजून जागेवर होतं. तेव्हा याच रस्त्याला आम्हाला अर्धा दिवस लागला होता, आणि तरी तो संपू नये असं वाटत होतं.

जायचं ठरलं ते आईच्या हट्टामुळे. माहेरी, वाईकडे, ती लहानपणी रानोमाळ हिंडलेली. लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आली आणि पडद्यात गेली. दक्षिणेतून आलेल्या आमच्या लोकांनी इकडच्या बड्या घरांचा हा रिवाज उचलला होता, तोही इकडच्यांपेक्षा कडक. "एकदा मला उघडं रान दाखवा, मग काही मागणार नाही," असं ती दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मागेच लागली. दादा एका सरदारांचे कारभारी. त्यांनी सरदारसाहेबांची मोटार दोन दिवसांसाठी मागून आणली. मागच्या दोन्ही खिडक्यांना जाड मरून रंगाचे पडदे, पितळी दांडीवर ओवलेले. घ्या! रान बघायला निघालेली बाई आणि खिडकीला पडदे!

दाणाओळीतल्या आमच्या घरून सकाळीच निघालो. पुढे ड्रायव्हर रशीद मियाँ आणि दादा, मागे आई आणि मी. आतला उकाडा असा की जीव नकोसा झाला. पनिहार गेलं, शेतं संपून खडकाळ माळ सुरू झाला. पडद्याच्या फटीतून बघायची मुभा फक्त मला.

"काय दिसतंय गं?" आई विचारी.

"झाडं."

"कसली?"

"लाल."

"अगं वेडे, पळस असेल तो! पानं आहेत का त्याला?"

मी काय सांगणार, कपाळ! मला तेव्हा पिंपळ नि लिंब सोडून झाड ओळखू येत नव्हतं. आई हिरमुसली. मला फार वाईट वाटलं.

घाटीगावच्या पुढे चढावर मोटारीतून वाफ उसळली. रशीद मियाँ उतरले, झाकण उघडून म्हणाले, "हुज़ूर, पानी चाहिए." खाली नाल्यात पाणी होतं, पण त्यात म्हशी बसलेल्या, नुसता चिखल. गाळून घ्यायला कापड हवं. दादांच्या खांद्यावर जरीचं उपरणं. त्यांनी ते चटकन आवरून घेतलं आणि इकडेतिकडे बघायला लागले, जणू माळावर कापडाचं दुकान लागणार आहे.

तेवढ्यात आईने आतून पडदा दांडीवरून ओढून काढला आणि बाहेर धरला. "हा घ्या. दाट विणीचा आहे, गाळ वर राहील."

"अगं, पडदा आहे तो!"

"मग? मोटार इथेच ठेवायची का?" म्हणत तिने दुसराही काढून दिला. "एकाने नाही भागायचं."

पाणी भरून झालं. चिखलाने थबथबलेले पडदे दादा परत लावायला निघाले आणि थबकले. खाली सरदारसाहेबांची मखमली गादी! तिला डाग पडला असता तर नोकरीवर बेतलं असतं. त्यांनी एकदा गादीकडे पाहिलं, एकदा आईकडे. "पदर तरी पुढे घे," एवढंच बोलले.

आईने पदर आडवा घेऊन नथीपर्यंत तोंड झाकलं आणि डोळे तेवढे मोकळे ठेवले. आणि मग काय सांगू! शिवपुरीपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा थांबेना. तो बघ पळस, तो खैर, ते मोर बघ, अगं केवढे मोर! वाटेत मोहना गावी कढईतून काढलेल्या कचोऱ्या आणि द्रोणात आलूची भाजी घेतली. आई मोटारीतच, पण उघड्यावर जेवली. दादा हातात द्रोण धरून रस्त्यावर नजर ठेवून होते.

शिवपुरीत मुक्काम दादांच्या मावशीकडे केला. भदैया कुंडाचं पाणी प्यालो, तलावावर मगरी बघितल्या, संध्याकाळी राजघराण्याच्या छत्र्यांवर, म्हणजे समाध्यांवर, गेलो. तिथे गेलेल्या राजा-राण्यांच्या मूर्तींना रोज वस्त्रं नेसवतात, ताट वाढतात, गवई समोर बसून गातो. "या जेवतात केव्हा?" मी विचारलं. "आपण गेल्यावर," आई म्हणाली. तुम्ही जाल तर सकाळीच उरकायची घाई करू नका, संध्याकाळचं गाणं ऐकूनच या.

दुसऱ्या दिवशी परतताना पडदे धुऊन, वाळून, घडी करून आईच्या मांडीवर होते. लाव, असं दादा म्हणाले नाहीत. पनिहारपर्यंत म्हणाले नाहीत. पण लष्करची पहिली घरं दिसली, तेव्हा त्यांनी मोटार उभी करवली. इथून पुढे सगळे ओळखीचे.

आईने पडद्याची एकेक कडी दांडीवर ओवायला घेतली. तिचे हात हळू चालत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही ती पुसत नव्हती. दादा पुढून वळून बघत होते. मला वाटलं, आता ओरडणार.

"रशीद मियाँ, गाड़ी मोड़ो," दादा म्हणाले. "हमारी छड़ी पनिहार में रह गई."

छडी त्यांच्या दोन गुडघ्यांमध्ये उभी होती. रशीद मियाँनी छडीकडे पाहिलं, पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळे.

"जी हुज़ूर, रह गई होगी."

आईने ओवलेल्या कड्या भराभर काढल्या. आम्ही पुन्हा पनिहारपर्यंत गेलो, उतरलोही नाही, तसेच वळलो. दिवस मावळत होता, गुरं परतत होती. दाणाओळीत शिरलो तेव्हा अंधार झाला होता आणि पडदे लावायचं कारणच उरलं नव्हतं.

दारात दादा छडी टेकत उतरले. "सापडली वाटतं?" आई पदराआडून म्हणाली.

"सापडली," दादा म्हणाले आणि लगबगीने आत गेले.

दादांशी माझं पुढे शिक्षणावरून, लग्नावरून, कशाकशावरून वाजलं. माणूस हेकट, रिवाजापुढे कोणाचं ऐकायचा नाही. पण त्यांचा फार राग आला की मला ती पनिहारची फेरी आठवायची, आणि माझ्याने पुढे भांडवत नसे.