बारा जणींवर एक खूण

जून महिन्याचा पहिला मंगळवार. दुपारचे साडेतीन, बाहेर वादळ. जागा: जळगावहून नशिराबादकडे जाताना हायवेला लागून असलेल्या एका खासगी हॉस्पिटलचा तळमजला.

हजर: प्रशासन अधिकारी, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात. मेट्रन मॅडम. नऊ डॉक्टर, एकवीस सिस्टर, ऑफिसचे सहा जण. हे सगळे मधल्या हॉलमध्ये, खुर्च्यांवर. मागच्या जिन्याखाली, फरशीवर: सलीमभाई धरून पाच वॉर्डबॉय आणि आम्ही अकरा बायका.

अकरा. असायला हव्या होत्या बारा.

ही हजेरी मी आज लिहिते आहे. साहेबांच्या हातातल्या कागदावर त्या दिवशी वेगळी होती. तिच्यात डॉक्टरांची नावं होती, पदव्यांसकट. सिस्टरांची होती, आडनावांसकट. आमच्यासाठी दोन ओळी. एक ‘मावशी’, एक ‘मामा’. प्रत्येक ओळीपुढे खूण करायला एक चौकोन.

हॉस्पिटलात काम न केलेल्यांसाठी सांगते. फरशी पुसणारी, बेडपॅन देणारी, रक्ताच्या चादरी धुणारी बाई म्हणजे मावशी. तेच काम करणारा पुरुष म्हणजे मामा. काल आलेला इंटर्न साठीच्या बाईला “ए मावशी” म्हणतो आणि त्याला वाटतं आपण किती घरगुती बोललो. नात्याचा शब्द फार सोयीचा असतो. नाव विचारावं लागत नाही. आमच्या बारा जणींपैकी दहा जणी कुठल्या वस्त्यांतून येतात हे कोणत्याही कागदावर नाही, पण खुर्च्या मांडताना सगळ्यांना बरोबर ठाऊक असतं. सख्ख्या मावशीला कोणी जिन्याखाली बसवत नाही.

साहेबांनी हॉलमधून ओरडून विचारलं, “मावशी?”

मी जिन्याखालून म्हणाले, “आहे.”

त्यांनी खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेले.

मी आम्हा बायकांची सुपरवायझर. छातीवर निळा बिल्ला. मला याद्यांची सवय आहे. कुठल्या मजल्यावर कोण, कोणाची सुट्टी, कोणाच्या पायाला सूज, सगळं माझ्या वहीत असतं. साहेबांची हजेरी संपल्यावर मी वही काढली आणि नावं घेतली. रत्नाबाई. कोकिळाबाई. लताबाई. एकेक “हो” येत गेला. बेबाबाईच्या नावाला आला नाही. दुसऱ्यांदा घेतलं. नाही.

बेबाबाई लाँड्रीत. लाँड्री म्हणजे इमारतीच्या मागे, कडुलिंबाखाली, पत्र्याची शेड.

मी हॉलच्या दारात जाऊन उभी राहिले. बाहेर वाऱ्याचा आवाज असा होता की मोठ्यानं बोलावं लागलं. मी सांगितलं की एक बाई कमी आहे, शेडमध्ये असणार, तिला आणायला हवं. साहेबांनी कागद बघितला. माणूस नाही, कागद.

“खूण झालीय, मावशी. तूच आहे म्हणालीस ना? आता सारखं मोजत बसू नकोस.”

एक डॉक्टर मोबाइलमधून मान न काढता म्हणाले, “अकरा काय न् बारा काय, सगळ्या सारख्याच दिसतात.” दोन-तीन जण हसले. मेट्रन मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला हातानं खूण केली की जा, बस.

मी जाऊन बसले. हे मला लिहायलाच हवं. मी जाऊन बसले. तीन मिनिटं असतील, पाच असतील. बाहेर पत्रे फाटत होते आणि मी बसले होते, कारण साहेबांनी सांगितलं होतं.

मग मला गाड्या आठवल्या.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मी दुसऱ्या मजल्यावर खिडकी पुसत होते. खाली बघते तर डॉक्टर लोक एकेक करून येताहेत आणि कडुलिंबाखालच्या आपापल्या गाड्या काढून पोर्चकडे नेताहेत. साडेबारापर्यंत झाडाखाली एकही गाडी उरली नाही. मला वाटलं, कोणी मंत्री येणार असेल, जागा मोकळी करताहेत. कोणी मंत्री आला नाही. वादळाची सूचना आली होती. ती आली होती मोबाइलच्या ग्रुपवर. त्या ग्रुपचं नाव ‘आपली फॅमिली’. त्यात डॉक्टर, सिस्टर, ऑफिस, औषधवाला, अगदी कॅन्टीनचा मालक. आम्ही नाही. मी दिवाळीनंतर मेट्रन मॅडमना विचारलं होतं की आमचे नंबर घाला. त्या म्हणाल्या होत्या, “तिथे सगळं इंग्रजीत असतं, मावशी. तुला काय कळणार?” मी बारावी पास आहे. त्यांनी ते कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आम्हाला सूचना ‘तोंडी’ मिळते, असा नियम. म्हणजे ज्या सिस्टरला आठवेल ती सांगेल. त्या दिवशी अडीच वाजता, आभाळ पिवळं पडल्यावर, एक सिस्टर जाता जाता म्हणाली, “मावशी, खिडक्या लाव, वारं येतंय.” एवढीच आमची सूचना. त्यानंतरचा तासभर आम्ही पेशंट हलवले. काचेजवळचे पलंग आतल्या पॅसेजमध्ये ओढले, सलाइनचे स्टँड धरले, म्हाताऱ्यांना उचललं. ते कामही आमचंच होतं. त्या धावपळीत शेडकडे कोणी गेलं नाही. मीही नाही.

तर, गाड्यांना साडेतीन तास आधी कळलं होतं. बेबाबाईला कळलं नव्हतं. हे डोक्यात आलं आणि मी उठले.

मागच्या दाराला आडवी सळई होती. साहेब हॉलमधून धावत आले. म्हणाले, दार उघडायचं नाही, इथली जबाबदारी माझी आहे. मी म्हणाले, “मग तुम्ही चला.” ते आले नाहीत. त्यांची जबाबदारी दाराच्या आतपर्यंत होती.

सलीमभाई उठला. हॉस्पिटलात मला अक्का म्हणणारा तो एकटा. त्यानं जिन्याजवळच्या रिकाम्या पलंगावरची रेक्झिनची गादी ओढली आणि म्हणाला, “अक्का, नुसतं जाऊ नको. पत्रा मान कापतो.” वाऱ्याचा जोर जरा कमी होईपर्यंत आम्ही थांबलो, मग गादी डोक्यावर धरून भिंतीला चिकटून चाललो. पन्नास पावलांचं अंतर. अंगावर धूळ, पानं, काड्या, वर्तमानपत्रं. शेडवर कडुलिंबाची मोठी फांदी पडली होती. अर्धं छप्पर उडून गेलं होतं आणि उरलेलं दारावर वाकून बसलं होतं. आम्ही खालच्या फटीतून हाक मारली. पुन्हा मारली. मग तिचा आवाज आला. रडका नव्हता. चिडलेला होता.

“बठ्ठा कथा व्हतात वं? माले कोनी सांगं बी नही.”

बेबाबाई धुळ्याकडची. तीस वर्षं जळगावात काढली तरी बोलणं तिकडचंच राहिलं, अहिराणी; सगळ्या कुठे होतात, मला कोणी सांगितलंही नाही, असं ती विचारत होती. पत्रा वाकवून तिला बाहेर काढायला आम्हाला बराच वेळ लागला. डोक्याला पत्रा लागलेला, उजव्या खांद्याचं हाड मोडलेलं, आणि डाव्या हाताखाली धुतलेल्या चादरींचा गठ्ठा. वल्या होतील म्हणून ती आत थांबली होती. ऑपरेशन थिएटरच्या चादरी होत्या. मी गठ्ठा काढून चिखलात फेकला. ती मलाच रागावली.

अपघात विभागात नेलं. हॉस्पिटल आमचंच, त्यामुळे पन्नास पावलांत उपचार. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पट्टी केली, टाके घातले, काम चांगलं केलं. मग केसपेपर आला. सिस्टरनं विचारलं, नाव काय. बेबाबाई इंजेक्शनच्या गुंगीत होती, आणि तिथल्या स्टाफपैकी कोणाला माहीत नव्हतं. सात वर्षं ती बाई यांच्या चादरी धुते आहे. सिस्टरनं लिहिलं, ‘लाँड्री मावशी’. वयाच्या जागी ‘अंदाजे’. मी तिच्या हातातलं पेन घेतलं, ते खोडलं आणि पूर्ण नाव लिहिलं. नवऱ्याचं नाव, आडनाव, वय एकोणसाठ. सिस्टर म्हणाली, केसपेपरवर खाडाखोड चालत नाही. मी म्हणाले, चालेल.

संध्याकाळी फॅमिलीच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज पडला. एका सिस्टरनं मला दाखवला. सर्व स्टाफ सुरक्षित, टीमचं अभिनंदन. खाली हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे, फुलांचे गुच्छ. बेबाबाई त्या वेळी एक्स-रेसाठी स्ट्रेचरवर होती.

दोन दिवसांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब आणि मेट्रन मॅडम. टेबलावर टाइप केलेला कागद. त्यात लिहिलं होतं की वादळाची सूचना सर्व कर्मचाऱ्यांना वेळेत देण्यात आली, सुपरवायझर मावशी यांनी आपल्या सर्व महिला हजर असल्याचं सांगितलं, आणि संबंधित कामगार स्वतःच्या इच्छेनं शेडमध्ये थांबली. खाली सहीची रेघ. ती सही झाली की चूक बेबाबाईची ठरणार होती, आणि चूक तिची ठरली की ठेकेदार तिला परत कामावर घेणार नव्हता. हे मला कोणी समजावलं नाही. वीस वर्षं ठेकेदाराकडे काम केलं की असले कागद वाचता येतात.

साहेब प्रेमानं बोलले. त्यांचं प्रेम धमकीपेक्षा वाईट. म्हणाले, “सही कर, मावशी. नाहीतर तूच अडकशील. हजेरी तू दिलीस.”

खरं होतं ते. हजेरी मी दिली होती. एका हाकेला बारा जणींच्या वतीनं मी ओ दिली होती, आणि अशी ओ मी वीस वर्षं देत आले होते. त्यांनी आम्हाला एका चौकोनात बसवलं आणि मी आतून दार लावून घेतलं. त्या केबिनमध्ये मला साहेबांचा जेवढा तिटकारा आला त्याहून जास्त माझा आला.

मी कागद त्यांच्याकडे सरकवला. म्हणाले, “इथे सुपरवायझर मावशी लिहिलंय. आधी माझं नाव लिहा. मग सहीचं बघू.”

साहेबांनी पेन उचललं. मग थांबले. मेट्रन मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर काही नव्हतं, तुटलेला कडुलिंब होता. आठ वर्षं रोज सकाळी या दोघांच्या टेबलांवर मी पाणी ठेवते आहे. पेन तसंच हवेत. शेवटी साहेब म्हणाले, “ते... काय आहे ना, कागदोपत्री ठेकेदाराकडे असेल.”

मी उठून आले. रागानं नाही. अशा माणसांची मला वीस वर्षं भीती वाटत होती, याची लाज वाटून.

घरी मोठ्या कागदावर मी माझा जबाब लिहिला. सूचना किती वाजता कोणाला मिळाली. गाड्या किती वाजता हलल्या. आम्हाला काय सांगितलं गेलं, ते त्या सिस्टरच्या शब्दांत. माझी चूक पण लिहिली: सर्वांच्या वतीनं “आहे” म्हणाले, नावं आधी घेतली नाहीत, कळल्यावरही काही मिनिटं बसून राहिले. शेवटी बारा पूर्ण नावं आणि बारा सह्या. बेबाबाईनं डाव्या हाताचा अंगठा दिला. सलीमभाईनं स्वतःहून सही केली. ऑफिसच्या आवक-जावक टेबलावर दिला आणि पोच घेतली. कारकून पोच द्यायला तयार नव्हता. मी तिथेच उभी राहिले. पाऊण तासानं शिक्का मारला. एक प्रत कामगार कार्यालयात दिली, तिचीही पोच आहे.

साहेबांचा टाइप केलेला कागद पुन्हा कधी दिसला नाही. बेबाबाई अडीच महिन्यांनी परत आली. हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून आता इस्त्री करते. शेडवर नवे पत्रे घातले, फक्त या वेळी वर दगड ठेवले आहेत. असली अक्कल यांनाच सुचते. वादळात उडायला आता दगडही आहेत. माझा निळा बिल्ला ठेकेदारानं काढून घेतला आणि मला पहिल्या मजल्यावर पोछ्याला लावलं. पोछा मला येतो.

आता “मावशी” म्हणून हाक आली की मी वळत नाही. नावानं बोलावलं तर लगेच जाते. सुरुवातीला मोठे डॉक्टर चिडले. दोन इंटर्न नाव शिकले. बाकीचे शिकतील, नाहीतर स्वतः बेडपॅन उचलतील.

हवामान खात्याचा इशारा मी रोज अकराच्या चहाला मोबाइलवर बघते आणि आमच्यातल्या तेरा जणांना मराठीत पाठवते. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ज्या तिघींकडे मोबाइल नाही त्यांच्याकडे धावत कोणी जायचं हेही ठरलंय, आणि ती यादी हजेरीच्या मशीनशेजारी चिकटवली आहे. साहेबांनी ती दोनदा काढायला लावली. मी तिसऱ्यांदा चिकटवली. चौथ्यांदाही चिकटवीन. गोंद माझ्या घरचा आहे.

परवा ती यादी तपासताना लक्षात आलं की मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीत, एक माणूस दिवसभर बसलेला असतो. पत्र्याचीच खोली. तो डॉक्टरांच्या यादीत नाही, ठेकेदाराच्या नाही आणि माझ्याही नाही. मी त्याच्यासमोरून दिवसातून चार वेळा जाते. त्याचं नाव अजून विचारायचं राहिलं आहे.