गोष्टीतलं गाढव

मलकापुरात मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. शनिवारी सकाळची शाळा, आणि शेवटचा तास गोष्टीचा. या तासाचा मला भारी तोरा होता. आवाज काढण्यात माझा हात धरणारं शाळेत कोणी नाही, हे मी मुख्याध्यापकांनाही दोनदा ऐकवलं होतं. राजा, परी, शहाणा ससा पुस्तकातलं बोलायचे. गाढव, चोर अन् राक्षसीण आपल्या वऱ्हाडीत. "मले भूक लागली ना बे" म्हटलं की पोरं वर्ग डोक्यावर घ्यायची. युक्ती मोबाइलवरच्या कार्टूनमधून उचललेली. तिथेही हिरो शुद्ध बोलतो आणि ढेरपोट्या नोकर गावठी. मी स्वतः घरी आईशी कसं बोलते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

दिवाळीनंतर वडनेर भोलजीची एक मुलगी वर्गात आली. वडील इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले होते. पहिला आठवडा तिची नुसती बडबड. मग एकदम बंद. हजेरीला हात वर करायची, पाणी हवं तर बोट दाखवायची. मी रागावले, चॉकलेट दिलं, पुन्हा रागावले. पोरगी ढिम्म. तीन आठवडे असेच गेले आणि मला घास गोड लागेना.

मग तिची आई आली. आत या म्हटलं तरी दारातच उभी. पोरगी घरी पोपटासारखी बोलते, म्हणाली. शाळेत तिला मुकी म्हणतात म्हणून नवरा चिडलाय. सोमवारी नाव काढून तिला गावी आजीकडे ठेवायचं ठरलंय. मग पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "मॅडम, राग नका मानू. पोरगी म्हणते, माह्यावानी तं गोष्टीतलं गाढव बोलते."

माझे कान तापले. आधी राग आला तो पोरीचाच, खोटं कशाला सांगू. मग तिचा पहिला शनिवार आठवला. सगळी पोरं हसत होती आणि ती एकटी माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं होतं, गोष्टीत रमलीय.

मध्ये एकच शनिवार उरला होता. मी गोष्टच उलटी केली. राणी वऱ्हाडी बोलणार, चोर पुस्तकी. राणीची वाक्यं गावाकडे माझ्या आईला फोनवर म्हणून दाखवली, तर ती म्हणाली, "काऊन, तुले आपलं बोलनं येत नाही काय आता?"

शनिवारी गोष्ट सांगायला उभी राहिले. माझी राणी म्हणाली, "माह्या राज्यात कोनी उपाशी झोपनार नाही." वर्ग खो खो हसला. राणीलाच हसला. मी पुढचं वाक्य शोधतेय, तोच तिसऱ्या बाकावरून हात वर आला. तिचा. ती उठली आणि एकेक शब्द तोलत, थेट माझ्या परीसारखी बोलली, "मॅडम, राणी असं बोलत नाही."

सोमवारी नाव काढायला कोणी आलं नाही. आई आली, तीही हात जोडून. पोरगी आता घरीसुद्धा तुमच्यासारखंच बोलते, म्हणाली. माझे उपकार मानून झाले, तरी ती दारातच घुटमळत राहिली.

"मले म्हणते, आई, तू शाळेत येऊन बोलू नकोस."