दुनळी भाचीकडेच जाईल

पितळी नळ, कड्या आणि दारांच्या मुठी चकचकीत करणाऱ्या कारखान्यात तिने एकतीस वर्षे काढली. तिच्या हातून सुटलेल्या मुठीत माणसाला स्वतःचे तोंड दिसे, म्हणून सगळे तिला आरसाबाई म्हणत. नाव चेष्टेने पडले आणि पुढे हजेरीपटावरही चढले. बोटांच्या पेरांत मुरलेला काळा रंग निवृत्तीनंतरही गेला नाही. तो जावा असे तिला कधी वाटलेही नाही.

तिचे वडील नेमबाजीच्या मैदानावर मातीच्या तबकड्या उडवण्याचे काम करीत. तिन्ही मुलांपैकी तिला आणि भावाला त्यांनी बंदूक धरायला शिकवले; पण बार उडताच भाऊ डोळे मिटून घेई. वडिलांनी त्यावर अवाक्षर काढले नाही. शेवटच्या आजारपणात त्यांनी आपली दुनळी बंदूक मुलीच्या नावे करून दिली, एवढेच. भावाने ते मनाला लावून घेतले आणि जाताना तो सल आपल्या मुलाच्या पदरात टाकून गेला.

आता आरसाबाईंचीच नजर अधू झाली होती. डॉक्टरांच्या दाखल्यामुळे परवान्याचे नूतनीकरण होणार नव्हते. मुदत पाच महिन्यांनी संपत होती. तोवर दुनळी दुसऱ्या परवानाधारकाच्या नावे झाली नाही, तर ती सरकारी कोठारात जमा होणार आणि तिथून यथावकाश भट्टीत जाणार. घेणारे दोघे होते. भावाचा मुलगा दोन गल्ल्या पलीकडे राहत होता आणि त्याने आशेने परवाना आधीच काढून ठेवला होता. बहिणीची मुलगी शेजारच्या राज्यात शाळेत शिकवीत होती आणि क्लबकडून मागून आणलेल्या बंदुकीने स्पर्धांत उतरत होती. भाच्याला द्यायची तर एक अर्ज, एक खिडकी. भाचीला द्यायची तर दोन्ही राज्यांच्या कचेऱ्यांची संमती, हत्याराची तपासणी आणि मग इथल्या शस्त्रविक्रेत्याकडून तिथल्या विक्रेत्याकडे मोहोरबंद पेटी.

आरसाबाईंनी भाचीचे नाव घातले.

चार महिने कागद फिरत राहिले. भाच्याने मध्येच सुचवून पाहिले की एवढ्या उपद्व्यापापेक्षा गाडीत घोंगडीखाली घालून नेऊ, वाटेत कोण बघतंय. आपण कुणाची कोंबडी चोरून नेत नाही आहोत, एवढेच त्याला ऐकायला मिळाले.

तपासणीच्या दिवशी कचेरीत तोच त्यांना घेऊन गेला. विक्रेत्याने पेटी टेबलावर उघडली. तपासनिसाने भिंग धरून नळीच्या बुडाशी कोरलेला क्रमांक वाचायला घेतला, आणि तो थांबला. कागदावर आकडे सहा होते; पोलादावर चारच. उरलेल्या दोन आकड्यांच्या जागी नुसता झगझगाट होता. क्रमांक खोडलेले हत्यार हस्तांतरित होत नसते, ते जप्त होते, असे त्याने कोरडेपणाने सांगितले.

आरसाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या जागेवरून अंगठा फिरवला. क्षणात सारे ध्यानात आले. आकड्यांच्या खाचांत मळ बसे आणि तो त्यांना खपत नसे. दर रविवारी कारखान्यातल्या पॉलिशच्या वडीचा तुकडा घेऊन त्या नेमकी तीच जागा घाशीत आल्या होत्या.

कारकून दयाळू होता. त्याने हळूच सुचवले की वडिलांकडून आली तेव्हाच क्रमांक असा होता, असे लिहून द्या म्हणजे मिटेल. भाचा कानाशी वाकला.

"आत्या, घाल आजोबांच्या नावावर. ते काही येत नाहीत जाब द्यायला."

"म्हणूनच नाही," त्या म्हणाल्या, आणि तपासनिसाकडे वळल्या. "साहेब, खोडला नाही. घासला. मी घासला. खोडणारा कानस लावतो, ओरखडे राहतात. इथं बोट फिरवून बघा. असं काम करायला एकतीस वर्षं लागतात."

तपासनिसाने खरेच बोट फिरवले. मग आरसाबाईंनी विक्रेत्याला नळीखालची लाकडी मूठ काढायला सांगितली. आतल्या बाजूला तोच क्रमांक पुन्हा ठोकलेला असतो आणि तिथे आपले फडके कधी पोहोचलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मूठ निघाली. जुन्या ग्रीसखाली सहाही आकडे जागच्या जागी होते.

तरी पेच सुटेना. तपासनिसाच्या मते आतला क्रमांक इथल्या इथे चालून गेला असता; परराज्यात पाठवायची तर वरून अभिप्राय मागवावा लागणार, आणि त्याला सहा आठवडे. तेवढ्यात मुदत टळणार. भाच्याच्या नावे आजच करून देतो, असे तो म्हणाला. भाचा खिडकीबाहेर बघत होता, पण कान आतच होते.

"मग अडचण क्रमांकाची की राज्याची?" आरसाबाईंनी विचारले. "क्रमांक खोटा असेल तर याला तरी दुनळी कशी देता? खरा असेल तर तिला का अडवता? काय ते लेखी द्या. मी बसते इथंच."

आणि त्या बसल्या. जेवणाची सुट्टी झाली, संपली, पंखा बंद झाला, पुन्हा सुरू झाला. लेखी नकार द्यायचा तर त्याचे कारण लिहावे लागते, आणि कारण काही केल्या कागदावर उतरेना. अखेर तपासनिसाने शेरा मारला: बाहेरील क्रमांक वापराने झिजला, आतील जुळतो, पाठवण्यास हरकत नाही.

अर्जात एक रकाना उरला होता. साठ दिवसांत भाचीने ताबा घेतला नाही तर पर्यायी धारक कोण? कारकुनाने भाच्याकडे पाहिले. भाच्याने खिशातून परवाना काढून टेबलावर ठेवला होता.

"दर महिन्याला डोळे दाखवायला मीच नेतो ना तुला?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो अधिक लागला. "ती तर उद्या लग्न होऊन परक्या घरी जाईल."

"मीही परक्याच घरी गेले होते. तरी बाबांनी मलाच दिली. तू माझ्या डोळ्यांत थेंब घालतोस, त्याची जाण आहे मला. पण तुला ती भिंतीवर टांगायचीय, फोटोला. तिला लागते."

रकाना मोकळा सोडता येत नाही, कारकून म्हणाला. आरसाबाईंनी पेन मागून घेतले, कागद डोळ्यांशी नेला आणि ठळक अक्षरांत लिहिले: वितळवावी.

मग सही केली. जिन्यापाशी दरवेळी भाचा हात पुढे करी. आज त्याने केला नाही. त्यांनी वाट पाहिली नाही. पायाने पहिली पायरी चाचपली, कठडा धरला आणि उतरू लागल्या.